एक गाय म्हणजे चार मेंढ्या

लॉस एंजेलिस,
१२ मे १९९७

प्रिय मावशी,

आधी खुशाली विचारायची असते, पण मला धीर नाही. सिनेमा मिळाला. माझा. लिहिणारीही मी आणि कॅमेऱ्यामागे उभं राहून ओरडणारीही मी. तेरा वर्षं इथे दुसऱ्यांच्या सिनेमांना कॉफी वाटली, फिती जोडून दिल्या, आता कॉफी कोणीतरी मला आणून देईल.

विनोदी आहे. आपल्या नावाहो मुलखात गुरं पाळणाऱ्या माणसांवर. नाव 'एक गाय म्हणजे चार मेंढ्या'. चराई ऑफिसच्या वहीत सगळी गुरं मेंढ्यांत मोजतात, गाय चार मेंढ्यांची आणि घोडा पाच मेंढ्यांचा, हे तू मला सांगितलंस तेव्हा मी विचारलं होतं, मग मी किती मेंढ्यांची? तू म्हणालीस, अर्धी, आणि तीही नुसती ओरडणारी. ते वाक्य सिनेमात घेतलंय. तुझं नाव कुठे नाही, काळजी करू नकोस.

गोष्ट अशी की एका माणसाची गुरं परवान्यापेक्षा जास्त झालीत आणि मोजणीच्या दिवशी तो गाईंवर मेंढ्यांची कातडी पांघरतो. सोबत सगळं लिखाण पाठवलंय, वाच.

मला आपला माळ हवाय, पवनचक्की हवी आणि सप्टेंबरात बारा दिवस गाई हव्यात. मागच्या फोटोत पवनचक्कीपाशी उभ्या होत्या ना, त्या लालसर नऊ. कॅमेऱ्यात त्या फार छान दिसतील. जूनअखेर जागा ठरली नाही तर पैसेवाले सगळं कॅलिफोर्नियातल्या एका कुरणावर हलवणार आहेत. तिथल्या गाई केस धुऊन आल्यासारख्या दिसतात, आणि आपली माणसं म्हणून ते कोणालाही उभं करतील. मग हा सिनेमा माझा राहणार नाही.

आईमागे तूच मला वाढवलंस. मावशी म्हणजे धाकटी आई, असं आपणच म्हणतो. तेव्हा आईसारखी शिव्या दे, पण हो म्हण. गाईंचं भाडं रीतसर देऊ.

तुझी,
लावोन


पिन्यॉन,
१ जून १९९७

पोरी लावोन,

तुझं पाकीट गुरुवारी पोस्टात मिळालं. पोस्टातल्या बाईने आधी त्याचं वजन केलं आणि मग हळू आवाजात विचारलं, कोर्टाचं आहे का. तीन दिवस वाचत होते. हसले नाही.

पान चार. तुझा नायक कुंपणावर दोन्ही हात टेकून सूर्यास्त बघत उभा राहतो. ती काटेरी तार आहे. पान अकरा. गाय त्याला चाटते आणि तो तिच्याजवळ मन मोकळं करतो. माझ्या गाई मीठ टाकलं तरच जवळ येतात, आणि माझं मन ऐकून घ्यायला त्यांना सवड नसते. पान वीसवर कोल्हा बोलतो. उन्हाळ्यात कोल्ह्याच्या गोष्टी काढत नाहीत, एवढंही विसरलीस? ते पान थंडी पडेपर्यंत मी पालथं घालून ठेवलंय.

मेंढीचं कातडं गाईवर घालतेस ते घाल. एकदा चेअरमनवर घालून दाखव, मग मी हसेन. चेअरमन म्हणजे आपला नवा वळू. दिवसभर खातो, सगळ्यांना ऐकू जाईल असा हंबरतो आणि काम निघालं की पाठ फिरवतो. दुसरं नाव सुचलंच नाही.

विनोद हवा असेल तर खरा सांगते. दोन वर्षांपूर्वी मोजणीला चराई कमिटीचे नाकायसाहेब आले. तुझ्या विल्बर्टमामाने आपले तीन जास्तीचे घोडे चर्चच्या मागे लपवले. साहेब माझ्या स्वयंपाकघरात कॉफी घेत वहीत 'घोडे : नाहीत' असं लिहीत होते. तेवढ्यात एक घोडा चारा शोधत आला, खिडकीतून मान आत घातली आणि साहेबांच्या ताटलीतली तळलेली पोळी उचलली. साहेबांनी घोड्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. म्हणाले, "हे कोण?" मी म्हटलं, "पाहुणा." त्यांनी आणखी एक कॉफी घेतली आणि गेले. घोडा कोणाचा ते त्यांनी विचारलं नाही, मी सांगितलं नाही.

तेच साहेब परवा पुन्हा आले होते. माझ्या गुडघ्यांकडे बराच वेळ बघत बसले. परवाना आजीकडून माझ्याकडे आला, आता पुढे कोणाच्या नावावर ते घरच्यांनी नोव्हेंबरच्या बैठकीत सांगायचं, म्हणाले. त्याचे तुकडे करता येत नाहीत, आणि नाव ज्याचं त्याने इथे राहिलं पाहिजे. कोरीनाला नवव्या वर्षी गाईने लाथ मारली तेव्हापासून माझी ही लेक गाय दिसली की दार लावून घेते. तिला नको. विल्बर्टला हवा. तो गाई विकून रोडिओच्या खेळातले उधळणारे घोडे पाळणार आहे. आजीच्या गाई, लावोन. मी कोणाचं नाव घेतलेलं नाही. तुलाही काही म्हणत नाहीये. नुसतं कळवलं.

माळ घे, पवनचक्की घे. त्या नऊ लालसर गाईंचं भाडं मला विचारू नकोस. त्यांची मालकीण वेगळी आहे. तिला विचारावं लागेल.

कोरीनाचे दिवस भरत आलेत.

मावशी


लॉस एंजेलिस,
२० जून १९९७

प्रिय मावशी,

नायक आता तारेला हात लावत नाही. कोल्हा गेला. गाय चाटत नाही. घोडा आणि पोळी जशीच्या तशी घेतली, फक्त नावं बदलली. ते वाचून इथले चार जण हसता हसता खुर्चीवरून घसरले, आणि त्यातल्या एकाने विचारलं की हे तुला सुचलं कसं. मी मान खाली घालून 'सुचतं' म्हणाले. माफ कर.

त्या मालकिणीला माझ्यातर्फे हात जोडून सांग. भाडं जे म्हणेल ते. तिच्या गाईंना ओरखडाही येणार नाही. ती कोण? पलीकडच्या ओढ्यावरची म्हातारी तर नव्हे? ती मला लहानपणी दगड मारायची.

परवान्याचं वाचलं. तू काही म्हणत नाहीयेस हे मला कळलं. तू जेव्हा काही म्हणत नाहीस तेव्हा मला दोन दिवस झोप लागत नाही. पण मावशी, मला कासरा धरता येत नाही, फीत धरता येते. माझं सगळं काम इथे आहे. मामाला निदान घोडे तरी कळतात.

मालकिणीचं तेवढं लवकर कळव. दहाच दिवस उरलेत. हे पत्र तातडीच्या टपालाने पाठवतेय.

लावोन


पिन्यॉन,
८ जुलै १९९७

लावोन,

तार मिळाली असेलच. मालकीण हो म्हणाली. तिला गुरांतलं ओ की ठो कळत नाही, त्यामुळे फार विचारलं नाही. भाडं नको म्हणते.

अकरा जूनला कोरीनाला मुलगी झाली. शांदीन. डोकं भरून केस, आणि नजर अशी की आपल्यालाच काहीतरी चुकल्यासारखं वाटावं. कोरीना महिन्याने दवाखान्यात कामावर जाईल, म्हणजे दिवसभर बाळ माझ्यापाशी.

आणि तुझा मामाही माझ्यापाशी. एरवी हाका मारल्या तरी येत नाही तो सकाळसंध्याकाळ पाळण्याच्या फळीवर बांधलेल्या बाळापुढे तोंडं वेडीवाकडी करत बसतो. शहरात राहून विसरली असशील म्हणून लिहिते. बाळाला पहिल्यांदा जो हसवेल त्याने मेजवानी द्यायची, बाळाच्या हातून सगळ्यांना मीठ द्यायचं, आणि बाळ त्याच्या वळणावर जातं. विल्बर्टच्या मनात असं की पहिलं हसू आपण मिळवलं की बैठकीत आपलं वजन वाढेल. ही पोर विल्बर्टच्या वळणावर गेली तर पुढची सत्तर वर्षं कोणीतरी तिला हलवून उठवत बसणार. तो आला की मी फळी भिंतीकडे वळवते.

तुझ्या लोकांना सांग, फाटक उघडलं तर लावायचं. नायकाला आठवडाभर आधी पाठव, घोडा दाखवते.

चेअरमन पुन्हा कुंपण मोडून हायवेपर्यंत गेला होता. लोक सांगत आले, गेला तुमचा वळू. मी शोधायला जात नाही. पाणी एकाच ठिकाणी आहे, तहान लागली की येतो.

मावशी


लॉस एंजेलिस,
१४ ऑक्टोबर १९९७

प्रिय मावशी,

इथे येऊन तीन आठवडे झाले तरी बुटांतून तुझा माळ निघतोय.

रोज अंधाऱ्या खोलीत बसून फीत जोडते आणि एकटीच हसते. तो ओक्लाहोमाचा नायक! मुलाखतीत म्हणाला होता, घोड्यावरच जन्मलो. तू त्याला घोडा दाखवलास तेव्हा तो उजव्या बाजूने चढला आणि डाव्या बाजूने थेट खाली. आणि मग चेअरमनवर कातडं घालायचा दिवस. तू सांगितलं होतंस, समोरून जाऊ नका. आम्ही समोरून गेलो. लोकर नाकात गेली तसा चेअरमन असा शिंकला की आवाज टिपणाऱ्याने कानच धरले, आणि नायकाने थेट पवनचक्कीच्या हौदात उडी घेतली. तिथून तो काही बाहेर येईना.

मग तू त्याची टोपी काढून स्वतःच्या डोक्यावर घातलीस, चेअरमनच्या ढुंगणावर दोन थापा देऊन त्याला खोड्यात नेलंस, आणि कॅमेऱ्याकडे बघून म्हणालीस, "संपलं का? मला पाणी भरायचंय." सिनेमातलं सगळ्यात चांगलं वाक्य तेच आहे. मी ते लिहिलेलं नाही. आता अर्ध्या सिनेमात नायक तूच आहेस, आणि तो ओक्लाहोमावाला तुझा भाऊ.

मालकीण बारा दिवसांत एकदाही आली नाही. मी तिच्यासाठी शाल आणली होती, ती तशीच परत आली.

कॅमेरा फार चोंबडा असतो हं, मावशी. आपण ज्याच्याकडे बघत नसतो तेही टिपून ठेवतो.

शांदीन हसली का गं अजून?

लावोन


पिन्यॉन,
२५ ऑक्टोबर १९९७

लावोन,

नाही. शांदीन हसलेली नाही. मुळीच नाही. सकाळी नाही, दुपारी नाही. कोणी काही सांगितलं असेल तर खोटं आहे.

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी कोरीनाला विचारलं, साडेचार महिने झाले, बाळ हसत कसं नाही? मी म्हटलं, आमच्यातली माणसं विनोद बरा असल्याशिवाय हसत नाहीत. विल्बर्टने परवा डोक्यावर बादली घालून बघितली. बाळ बघत राहिलं. मीही.

बैठक बावीस नोव्हेंबरला चार वाजता, चावडीत. तुझा सिनेमा त्याच दिवशी एक वाजता तिथेच दाखव. खिडक्यांना घोंगड्या लावू. लोक जमलेलेच असतील, आणि पोट भरलेलं असलं की माणसं दया करतात. थंडी पडली आहे, कोल्ह्याचं पान आता सुलटं केलं तरी चालेल.

नवा स्वेटर घालून ये. पुढच्या रांगेत मी बाळाला घेऊन बसणार आहे.

मावशी


पिन्यॉन,
२८ नोव्हेंबर १९९७

लावोन,

सिनेमा दाखवायचं भाड्याचं यंत्र परत द्यायचं म्हणून तू ओल्या कपड्यांत गाडीत बसून गेलीस. त्यामुळे काय काय बघितलं नाहीस ते लिहिते.

तू यंत्रापाशी पाठीमागे होतीस, तुला चेहरे दिसले नसतील. घोड्याने पोळी उचलली तेव्हा चावडीचं छप्पर हललं. नाकायसाहेब सगळ्यांत मोठ्याने हसले आणि शेजारच्याला म्हणाले, माझी टोपी इतकी वाईट नाहीये. पडद्यावर घोडा कोणाचा ते कुठेच नव्हतं. कोणी विचारलंही नव्हतं. आणि अंधारात विल्बर्ट उभा राहिला. म्हणाला, "तो घोडा माझा नव्हता."

हसणं थांबलं. नाकायसाहेब खुर्चीतच सावकाश मागे वळले. म्हणाले, "आणि बाकीचे दोन?"

विल्बर्ट म्हणाला, "ते तर चर्चच्या मागून हललेच नव्हते." आणि मग बसला.

चार वाजता बैठकीत तो चुलीपाशी बसून होता. परवान्याबद्दल त्याने तोंड उघडलं नाही. साहेब तसे मनाचे चांगले, त्यांनीही घोड्यांची गोष्ट काढली नाही. जाताना त्याला एवढंच म्हणाले की पुढच्या मोजणीला चर्चपासून सुरुवात करू.

मधे तुझी फीत तुटली तेव्हाचं मी डोळ्यांनी पाहिलं. लोक उठून जाऊ नयेत म्हणून तू पुढे आलीस, नायक चेअरमनपासून कसा पळाला ते करून दाखवत मागे मागे सरकत गेलीस, आणि सोड्याच्या बाटल्या ठेवलेल्या बर्फाच्या टबात बसलीस. नव्या स्वेटरसकट. पाय वर. शांदीन हसली. सगळ्यांनी ऐकलं. म्हाताऱ्या उठून उभ्या राहिल्या. तेव्हा मेजवानी तुझी. वीस डिसेंबर ठरवलाय.

तू टबातून उठतानाच म्हणालीस, माझ्याकडे मांस कुठलं, मी काय कापू? ऐक. तू सात वर्षांची असताना आजीने तुला एक लाल कालवड दिली होती, डाव्या कानाला दोन खाचा. तू तिचं नाव बिस्किट ठेवलंस आणि पुढे शहरात गेलीस. बिस्किट गेली नाही. तिला लेकी झाल्या, लेकींना लेकी झाल्या. पवनचक्कीपाशी उभ्या असतात त्या लालसर नऊ गाई तुझ्या आहेत. स्वतःच्या गाई स्वतःच भाड्याने मागणारी, वर स्वतःसाठी शाल आणणारी गुरंवाली या पृथ्वीवर दुसरी नसेल. सिनेमा त्यावर काढायला हवा होतास. यंदाचा मोठा गोऱ्हा आहे, तो मेजवानीला.

नाकायसाहेबांनी नाव विचारलं तेव्हा मी म्हटलं, वीस डिसेंबरला जेवायला या आणि कागद कोराच आणा.

आता एक आहे. इथपर्यंत लिहून मी चुलीत लाकूड सारायला उठले होते, पण ते तुला न सांगता तुझी सही घेतली तर ती चोरी होईल.

शांदीनचं पहिलं हसू तुझं नव्हे. चित्रण चालू होतं तेव्हा चेअरमन शिंकला ना, ती तेव्हाच हसली. खदखदून. तुम्ही सगळे त्या नायकाला हौदातून काढत होता. मी फळी वळवली आणि गप्प बसले. मनाशी म्हटलं, वळू काही मेजवानी देऊ शकत नाही, फार तर मेजवानीत वाढला जाऊ शकतो. मग पुढचे दोन महिने मी त्या पोरीसमोर कोणाला शिंकूसुद्धा दिलं नाही. नोव्हेंबरपर्यंत तुझ्यासाठी राखून ठेवली.

तेव्हा तू यायला बांधलेली नाहीस. मेजवानी मी देईन, लोकांना काहीतरी सांगेन. गाई मात्र तुझ्याच. त्यांचं काय करायचं तेवढं कळव. त्या रोज दोनदा पाणी पितात.

मावशी


लॉस एंजेलिस,
९ डिसेंबर १९९७

मावशी,

या पाकिटात एक चिमुकलं पाकीट आहे. त्यात फितीचा एक तुकडा गुंडाळून ठेवलाय. खिडकीच्या उजेडासमोर धर, चष्मा लावून.

उजव्या बाजूला चेअरमन शिंकतोय. मागे हौदात दोन बूट दिसतायत, ते नायकाचे. डाव्या कोपऱ्यात, सावलीत, शांदीन तोंड भरून हसतेय. पुढच्या चौकटींत तू फळी पाठमोरी वळवतेस, आणि मग हळूच इकडे तिकडे बघतेस, कोणी पाहिलं का.

मी पाहिलं. नऊ ऑक्टोबरला, अंधाऱ्या खोलीत. त्या दिवशी पुढे काम झालं नाही. सिनेमातून तेवढा तुकडा कापला, खिशात घातला आणि तुला साळसूदपणे विचारलं, शांदीन हसली का गं. तुझं उत्तर मी भिंतीवर चिकटवलंय. 'सकाळी नाही, दुपारी नाही.'

तू बाळ कोणासाठी राखून ठेवलंयस ते मला कळलं होतं. मला नको असतं तर माझ्याऐवजी यंत्रासोबत कोणालाही पाठवता आलं असतं. महिनाभर विचार केला. आणि ऐक, चावडीत फीत तुटली नव्हती. मी प्लग काढला. समोर येऊन बाळाला हसवायचं हे इथून निघतानाच ठरवलं होतं. टब मात्र ठरवलेला नव्हता.

बिस्किटचं खरंच माहीत नव्हतं. ते वाचून मी जिन्यात बसले आणि वरच्या मजल्यावरची बाई विचारायला आली, कोणी गेलं का? मी म्हटलं, नाही, नऊ जणी आल्यात.

खोली सोडली. फिती जोडायचं यंत्र घेऊन येतेय, ते तुझ्या कोठीत मावेल. अठरा तारखेच्या बसने येते, मामाला गाडी घेऊन गॅलपच्या बसथांब्यावर पाठव. त्याला सांग, घोड्यांबद्दल मी काही बोलणार नाही, वासरांना डाग द्यायला शिकवलंस तर. शाल मालकीण स्वतःच वापरतेय. नाकायसाहेबांना म्हणावं कागद आणा, पेन माझं.

राहिली शांदीन. तिला पहिल्यांदा चेअरमनने हसवलं हे आता दोघींना माहीत आहे, म्हणजे ती त्याच्याच वळणावर जाणार. दिवसभर खाईल, सगळ्यांना ऐकू जाईल असं ओरडेल, कुंपण मोडून हायवेपर्यंत जाईल, आणि लोक तुला सांगत येतील, गेली तुमची. तू शोधायला जाऊ नकोस.

फाटकाची साखळी सैल ठेव. मी आत आले की लावीन.

लावोन